सारखी ओळ, पण कोणाची?

उत्तरपत्रिका तपासताना कधी कधी दोन मुलांचे उत्तर शब्दाला शब्द जुळते. उत्तर बरोबर असेल तर आपण पुढे जातो. धड्यातले वाक्य दोघांनी पाठ केले असेल. पण दोघांनीही प्लासीची लढाई १७७५ साली झाली असे लिहिले असेल, तर लाल पेन तिथेच थांबते. आता शक्यता तीन. पहिल्याने दुसऱ्याचे पाहिले, दुसऱ्याने पहिल्याचे पाहिले, किंवा छपाईची चूक असलेले एकच गाईड दोघांनी वापरले. रागाच्या भरात तिसरी शक्यता आपण विसरतो आणि भलत्याच मुलाला बाकावर उभे करतो.

संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न एकदा न्यायालयात उभा राहिला. ६ मार्च २००३ रोजी अमेरिकेतील यूटा राज्यातल्या एससीओ ग्रुप या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. एससीओचे म्हणणे थोडक्यात असे: युनिक्स ही आमची मालमत्ता आहे, आयबीएमने ती कराराने वापरायला घेतली आणि तिच्यातला ऐवज लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत नेऊन ओतला, भरपाई म्हणून एक अब्ज डॉलर द्या. हा आकडा पुढे तीन आणि मग पाच अब्जांवर गेला. दावा आयबीएमवर होता, पण बोट होते लिनक्स लिहिणाऱ्या जगभरच्या हजारो लोकांकडे. ते या दाव्यात पक्षकार नव्हते. त्यांची बाजू मांडायला वकीलही नव्हता. तुम्ही चोरीचा माल वापरला, एवढेच त्यांना वर्तमानपत्रांतून कळत होते. त्यांनी या आरोपाला कसे तोंड दिले, ही हकिगत शिक्षकांनी ऐकावी अशी आहे. कारण तिच्या मुळाशी एका शिक्षकाच्या नोट्स आहेत.

वर्गात शिकवायला बंदी

संगणकावर आपण पत्र लिहितो, हिशोब करतो. पण स्मृतीतली जागा कोणत्या कामाला किती द्यायची, चकतीवर कुठे काय लिहायचे, चार कामे एकदम चालू असतील तर पाळी कोणाची, हा कारभार पडद्याआड चालतो. तो सांभाळणाऱ्या आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. युनिक्स ही अशीच एक प्रणाली. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तिची सुरुवात केली. १९७३ मध्ये ती सी या भाषेत नव्याने लिहिली गेली. सी भाषेतला मजकूर माणसाला वाचता येतो; यंत्रावर चालवण्यासाठी त्याचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करावे लागते. या वाचता येणाऱ्या मजकुराला सोर्स कोड म्हणतात. लाडवाची कृती आणि तयार लाडू यांत जो फरक, तोच इथेही. लाडू खाऊन त्याची नेमकी कृती लिहून दाखवणे कठीण असते, म्हणून कृती हाती असणे महत्त्वाचे.

१९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टीला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात उतरायला मनाई होती. त्यामुळे युनिक्स बाजारात विकता येईना. कंपनीने ती विद्यापीठांना नाममात्र किमतीत, सोर्स कोडसह दिली; मात्र काही बिघडले तर आम्हाला विचारू नका, असे बजावले. कंपनी मदत करणार नाही म्हटल्यावर वापरणारेच एकमेकांना मदत करू लागले. दुरुस्त्या टपालाने, टेपवर, माणसांबरोबर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ लागल्या. पुढे ज्याला ओपन सोर्स म्हणू लागले, त्या सवयीचे मूळ असे धंद्याच्या मनाईत आहे.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. खरीखुरी, चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम विद्यार्थ्यांना ओळीओळीने वाचायला द्यावी, असे त्यांच्या मनात आले. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजार ओळींपेक्षा कमी होता. एका माणसाच्या आवाक्यातला. लायन्स यांनी सोर्सच्या ओळींना क्रमांक देऊन एक पुस्तिका केली आणि त्यांवरचे भाष्य दुसऱ्या पुस्तिकेत लिहिले. हे १९७६-७७ चे काम. एका बाजूला मूळ ग्रंथ, दुसऱ्या बाजूला टीका, ही रीत आपल्याला नवी नाही. नोट्स अर्थातच गाजल्या. पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा कंपनीला या मजकुराची किंमत कळू लागली होती. नव्या परवान्यात अट घातली गेली की सोर्स वर्गात अभ्यासाला लावायचा नाही. लायन्स यांच्या नोट्स मिळेनाशा झाल्या. मग झेरॉक्सवरून झेरॉक्स, त्यावरून पुन्हा झेरॉक्स असा प्रवास सुरू झाला. पुस्तकरूपाने त्या उघडपणे छापायला १९९६ साल उजाडावे लागले.

या एका अटीने काय काय घडवले पाहा. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना युनिक्स शिकवता येईना, म्हणून त्यांनी तिच्यासारखीच वागणारी, पण एकही जुनी ओळ न घेता लिहिलेली मिनिक्स नावाची छोटी प्रणाली १९८७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार केली. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर मिनिक्स चढवली, तिच्या मर्यादांना कंटाळला आणि १९९१ मध्ये स्वतःचा गाभा लिहायला बसला. तीच लिनक्स. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा करून युनिक्ससारखी, पण सर्वांना मोकळी अशी साधने लिहायला घेतली होती. त्यांनी तयार केलेला जीपीएल हा परवाना लिनसने १९९२ मध्ये स्वीकारला. परवान्याचा आशय साधा आहे: वापरा, वाचा, बदला, वाटा, मात्र बदलून वाटाल तर घेणाऱ्यालाही सोर्स आणि हेच सगळे हक्क द्या. हा परवाना पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

अठरा हजारांतल्या तीन फायली

२००३ च्या दाव्याआधी दहा-अकरा वर्षे असाच एक दावा होऊन गेला होता. तो ठाऊक असलेले लोक नव्या आरोपाने गांगरले नाहीत, म्हणून तोही थोडक्यात पाहू.

युनिक्सची एक शाखा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात वाढली. तिथल्या मंडळींनी इतकी भर घातली की काही वर्षांनी मूळ कंपनीचा मजकूर त्यात कमी आणि बर्कलीचा जास्त झाला. इंटरनेटचे नियम पाळणारा भाग १९८३ मध्ये या शाखेतूनच सर्वदूर पोचला. मग कीथ बॉस्टिक यांनी ठरवले की कंपनीचा उरलासुरला मजकूर काढून तेच काम करणारा नवा मजकूर लिहायचा. त्यांनी हाक दिली आणि शेकडो स्वयंसेवकांनी एकेक साधन पुन्हा लिहून दिले, मानधन न घेता. १९९१ मध्ये जवळपास संपूर्ण प्रणाली मोकळी झाली. ती विकणाऱ्या बीएसडीआय या छोट्या कंपनीवर एटी अँड टीच्या उपकंपनीने १९९२ मध्ये दावा लावला, पुढे विद्यापीठालाही त्यात ओढले.

न्यायमूर्ती डेबेव्हॉइज यांनी मार्च १९९३ मध्ये मनाईहुकूम द्यायला नकार दिला. कंपनीने जुन्या आवृत्त्या कॉपीराइटची सूचना न छापता वाटल्या होत्या, आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्यात अशा चुकीने हक्कच गमावण्याची पाळी येत असे. मग विद्यापीठाने उलटा दावा लावला: तुमच्या युनिक्समध्ये आमचा मजकूर आहे आणि आमचे नाव मात्र तुम्ही खोडले आहे. दरम्यान ती उपकंपनी नॉव्हेलने विकत घेतली. नॉव्हेलचे प्रमुख रे नूर्डा यांचा कल न्यायालयापेक्षा बाजारात झुंजण्याकडे होता. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी फक्त तीन काढायच्या, काहींत किरकोळ बदल करायचे, सत्तरेक फायलींवर कंपनीची कॉपीराइटची ओळ घालायची. दोन वर्षांच्या धुमश्चक्रीतून निघाले ते एवढेच. मात्र ही दोन वर्षे बर्कलीच्या शाखेवर टांगती तलवार राहिली आणि त्याच काळात पुष्कळ लोक लिनक्सकडे वळले. म्हणजे शिकवण्यावर घातलेली बंदी आणि हा दावा, दोन्ही कुंपणांनी लिनक्सलाच खतपाणी घातले. कुंपण घालणाऱ्यांना हे नंतरही उमगलेले दिसत नाही.

सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

१९९५ मध्ये नॉव्हेलने युनिक्सचा व्यवसाय सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात अनेक बँकांच्या शाखांत आणि संगणकाच्या क्लासमध्ये याच कंपनीची युनिक्स पाहायला मिळे. २००१ मध्ये तिने हा व्यवसाय कॅल्डेरा या यूटातल्या कंपनीला विकला. गंमत अशी की कॅल्डेरा ही मुळात लिनक्स विकणारी कंपनी, आणि तिच्यामागचे भांडवल त्याच रे नूर्डा यांचे. जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेराने युनिक्सच्या सगळ्या पुरातन आवृत्त्या सर्वांसाठी मोकळ्या केल्या. त्याच वर्षी तिने नाव बदलून एससीओ ग्रुप असे घेतले, आणि पुढच्या मार्चमध्ये दावा लावला.

मे २००३ मध्ये एससीओने सुमारे दीड हजार मोठ्या कंपन्यांना पत्रे पाठवली: लिनक्स वापरत असाल तर जबाबदारी तुमच्यावरही येऊ शकते. ऑगस्टमध्ये दरपत्रक निघाले. लिनक्स चालवणाऱ्या सर्व्हरच्या प्रत्येक प्रोसेसरमागे ६९९ डॉलर. चोरलेल्या ओळींचा आकडा दहा लाखांवर सांगितला गेला. पण त्या ओळी कोणत्या, हे विचारले की उत्तर असे, की ते गुपित आहे. पाहायच्या असतील तर गुप्ततेच्या करारावर सही करा. लिनक्सच्या लोकांची अडचण समजून घ्या. ते म्हणत होते, चूक दाखवा, आम्ही उद्या ती ओळ काढतो. आणि समोरून उत्तर येत होते की चूक दाखवणार नाही, पैसे द्या. एससीओचा युक्तिवाद आणखी एक होता, तो इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. आयबीएमने स्वतः लिहून आपल्या युनिक्सला जोडलेले भागही जुन्या करारानुसार गुप्त राहायला हवे होते, ते लिनक्सला देता कामा नयेत, असे ते म्हणत. हा कराराच्या अर्थाचा वाद होता, नक्कल करण्याचा नव्हता. वर्तमानपत्रांत मात्र दोन्हींची सरमिसळ झाली, आणि ती कोणी निस्तरली नाही.

एस.टी.तल्या चार जागा

१८ ऑगस्ट २००३ रोजी लास वेगासच्या आपल्या मेळाव्यात एससीओने प्रथमच पुरावा म्हणून काही ओळी पडद्यावर दाखवल्या. त्यांतला काही मजकूर कोणाला वाचता येऊ नये म्हणून ग्रीक अक्षरांच्या टंकात टाकला होता. हे झाकणे म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणेच. टंक बदलला की मजकूर परत वाचता येतो. जर्मनीच्या हाइझ या प्रकाशनसंस्थेच्या पत्रकारांनी पडद्याची छायाचित्रे घेतली आणि छापली. ब्रूस पेरेन्स आणि इतर अनेक जण ती घेऊन बसले. काही दिवसांतच दोन्ही नमुन्यांची कुळकथा जगापुढे आली.

पहिला नमुना स्मृतीतली जागा वाटून देणारा होता. त्याचे काम समजायला सोपे आहे. एस.टी.त चार जणांचे कुटुंब चढते. कंडक्टर पुढून मागे पाहत जातो आणि जिथे पहिल्यांदा सलग चार जागा मोकळ्या दिसतात तिथे त्यांना बसवतो. उरलेल्या मोकळ्या जागांची यादी तो दुरुस्त करतो. ही रीत युनिक्समध्ये १९७३ च्या सुमाराला लिहिली गेली, आणि लायन्स यांच्या नोट्समध्ये ती क्रमांकासह छापलेली होती! बंदी घातलेल्या त्या नोट्समुळे एका पिढीला ती जवळजवळ तोंडपाठ होती. या ओळी लिनक्समध्ये खरोखरच आल्या होत्या. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने दिलेल्या एका भागातून, आयबीएमकडून नव्हे. लपवालपवी कोणी केली नाही. पण एक तर याच कंपनीने, म्हणजे कॅल्डेराने, त्या वर्षापूर्वी मोकळ्या केलेल्या आवृत्त्यांत त्या होत्या. आणि दुसरे म्हणजे, हे काम करायची चांगली सोय लिनक्समध्ये आधीपासून असल्यामुळे त्या नव्या आवृत्तीतून आधीच काढून टाकल्या होत्या. सिलिकॉन ग्राफिक्सने पुढे आपण दिलेला सगळा मजकूर तपासला. दहा लाखांहून अधिक ओळींत जेमतेम दोनशे ओळींच्या आसपास साम्य निघाले, तेही किरकोळ, आणि तेवढे काढले गेले.

दुसरा नमुना जाळ्यावरून येणारी माहिती चाळणीतून काढणारा होता. तो मुळात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांचा, आणि सर्वांना मोकळा. एससीओच्या युनिक्समध्ये तो बर्कलीतून आलेला. लिनक्समधला भाग एका कार्यकर्त्याने प्रसिद्ध वर्णन वाचून स्वतंत्रपणे लिहिलेला. म्हणजे हे आपले गाईडचे उदाहरण. दोन वह्या सारख्या दिसल्या, कारण तिसरे पुस्तक दोघांपुढे उघडे होते.

साम्यावरून वंश शोधण्याचे हे शास्त्र जुने आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना हेच केले गेले. हस्तलिखितांतल्या समान चुका आणि समान भर पाहून कोणती पोथी कोणत्या कुळातली, हे ठरवले. फरक एवढाच की पोथ्या शतकानुशतके देशभर विखुरल्या होत्या आणि युनिक्सची पोथी जेमतेम तीस वर्षांची होती. तरी तीही जपावी लागलीच. ऑस्ट्रेलियातले वॉरन टूमी आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्वदच्या दशकापासून जुन्या युनिक्सच्या टेपा गोळा करून ठेवल्या होत्या. त्यांच्याच पाठपुराव्याने १९९८ मध्ये सांताक्रूझने छंदी लोकांना शंभर डॉलरला जुन्या आवृत्त्यांचा परवाना दिला होता. अडगळ सांभाळतो म्हणून ज्यांना हसत असतील, त्यांच्या कपाटातून पुरावा निघाला.

डिसेंबरमध्ये एससीओने काही फायलींची नावे जाहीर केली. चुकांचे क्रमांक, संदेशांची नावे अशा याद्या असलेल्या. टॉरवाल्ड्स यांनी १९९१ ची आपली पहिलीवहिली आवृत्ती काढून दाखवले की यांतल्या काही आपण स्वतः हाताने लिहिल्या आहेत. त्यातला एक तुकडा इतका बेंगरूळ आहे की दुसऱ्याने त्यावर हक्क सांगितला नसता तर तो माझा आहे हे मी कबूलच केले नसते, अशा अर्थाचे ते बोलले. इथेही चूकच कामाला आली. सुंदर, निर्दोष ओळ कोणाचीही असू शकते. ओबडधोबड ओळीवर मात्र लिहिणाऱ्याचा अंगठा असतो.

एरिक रेमंड यांनी याच सुमारास एक छोटी आज्ञावली लिहिली. सोर्सच्या काही ओळींचा एकेक तुकडा घ्यायचा, त्यावर एक गणिती क्रिया करून त्याचा एक आकडा काढायचा. तुकडा तोच असेल तर आकडा तोच. पण आकड्यावरून तुकडा परत मिळवता येत नाही. दोन प्रणालींचे आकडे जुळवले की सारखे तुकडे सापडतात. याचा अर्थ, ज्याला आपला सोर्स गुप्त ठेवायचा आहे त्यानेही फक्त आकडे दिले तरी तपासणी होऊ शकते. पुरावा दाखवला तर गुपित फुटेल, ही सबब गणिताने निकालात निघाली होती.

कागद वाचणारे लोक

ओळी वाचणाऱ्यांबरोबर कायद्याचे कागद वाचणारेही पुढे आले. वकिलांच्या हाताखाली काम केलेल्या पामेला जोन्स यांनी मे २००३ मध्ये ग्रोकलॉ सुरू केले. न्यायालयात दाखल झालेला प्रत्येक कागद मिळवायचा, स्वयंसेवकांनी तो पुन्हा टंकित करायचा, अवघड कलमे सोप्या भाषेत समजवायची. सॉल्ट लेक सिटीच्या न्यायालयात लोक स्वतःच्या खर्चाने जाऊन बसत आणि ऐकलेले लिहून आणत. १९९४ ची बर्कलीची तडजोड तोवर गुप्त होती. कॅलिफोर्नियाच्या माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन २००४ मध्ये ती मिळवली गेली आणि सर्वांपुढे ठेवली गेली. संगणक जाणणाऱ्यांना कायदा कळेना आणि कायदा जाणणाऱ्यांना संगणक. इथे दोघे एका टेबलाशी बसले.

सगळेच मात्र इतके शहाणपणाने वागले नाहीत. एससीओच्या प्रमुखांना आणि त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांना शिव्याशाप देणारे पुष्कळ होते. कंपनीचे संगणक खोट्या मागण्यांच्या भडिमाराने बंद पाडण्याचे प्रकार झाले. ते करणाऱ्यांनी आपली बाजू बळकट केली असे नव्हे, उलट चोर म्हणवणाऱ्याच्या हाती दगड दिला. २००४ च्या जानेवारीत मायडूम नावाच्या किड्याने याच कंपनीला लक्ष्य केले, तेव्हा तिने अपराधी शोधून देणाऱ्याला अडीच लाख डॉलरचे बक्षीस लावले. नेत्यांतही एकवाक्यता नव्हती. स्टॉलमन यांची तक्रार होती की बौद्धिक संपदा हा शब्दच घोटाळ्याचा आहे. कॉपीराइट, पेटंट, व्यापारी गुपित या वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबून लोकांना घाबरवले जाते. प्राध्यापक एबेन मोगलेन यांनी बोट ठेवले ते दुसऱ्याच जागी: ज्या लिनक्सवर तुम्ही हक्क सांगता ती तुम्ही स्वतःच जीपीएलखाली वाटत आला आहात. घरच्या पंक्तीत वाढलेले जेवण नंतर चोरीचे कसे ठरेल? यावर एससीओने जीपीएल परवानाच घटनाबाह्य असल्याचे म्हणायला सुरुवात केली.

माझ्या मते या सगळ्या धामधुमीतली सर्वांत मोलाची प्रतिक्रिया सर्वांत शांत होती. आपल्या घरातही एक उणीव आहे, हे लिनक्सच्या लोकांनी मान्य केले. कोणती ओळ कोणी, कुठून आणली, याची नोंद विश्वासावर चालत होती. एखाद्याने विचारलेच, तर जुनी पत्रे उकरावी लागत. मे २००४ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी नवा नियम केला. बदल पाठवणाऱ्याने खाली आपल्या खऱ्या नावाची ओळ लिहायची. तिचा अर्थ असा, की हे मी लिहिले आहे किंवा मोकळ्या परवान्याने घेतले आहे, आणि ते देण्याचा मला अधिकार आहे. पुढे जो जो तो बदल हाताळेल त्याने आपलीही ओळ खाली जोडायची. दप्तरातल्या फाइलीवर एकाखाली एक सह्या पडत जातात, तसे. ही पद्धत लिनक्समध्ये टिकली आणि दुसऱ्या अनेक प्रकल्पांनीही ती उचलली.

खरेदीखत

इतके सगळे झाल्यावर वाटेल की ओळींच्या तपासणीने दावा निकालात निघाला. तसे घडले नाही. न्यायालयाचे पाय वेगळ्या वाटेने चालतात.

न्यायमूर्ती डेल किम्बॉल यांनी फेब्रुवारी २००५ मध्येच आश्चर्य व्यक्त केले होते की बाहेर इतकी विधाने करणाऱ्या कंपनीने न्यायालयापुढे मात्र पुरेसा पुरावा ठेवलेला नाही. जून २००६ मध्ये दंडाधिकारी ब्रुक वेल्स यांनी एससीओच्या २९४ आरोपांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकले, कारण फाइल कोणती, ओळ कोणती हे त्यांत सांगितलेलेच नव्हते. दुकानाच्या दारात एखाद्याला चोर म्हणून अडवावे आणि काय चोरले असे त्याने विचारल्यावर दुकानाची सगळी मालयादीच त्याच्या हातात द्यावी, तसे हे झाले, अशी उपमा त्यांनी दिली. लिनक्सच्या गाभ्यातल्या ज्या ओळींवर एससीओ बोट ठेवू शकली त्या सगळ्या मिळून ३२६, असे आयबीएमने मांडले. दहा लाखांवरून ३२६.

पण कंपनी कोसळली ती वेगळ्याच कागदावर. नॉव्हेलने मे २००३ मध्येच सांगितले होते की १९९५ च्या व्यवहारात आम्ही युनिक्सचे कॉपीराइट विकलेच नव्हते. खरेदीखतात वगळलेल्या गोष्टींच्या यादीत कॉपीराइटचा उल्लेख होता. १९९६ च्या पुरवणीने त्याला थोडा फाटा फोडला होता, आणि वाद तेवढ्यावर. शेजाऱ्यावर अतिक्रमणाचा दावा लावावा आणि मग तलाठ्याकडे गेल्यावर कळावे की सातबाऱ्यावर आपले नावच नाही, तशी गत. ऑगस्ट २००७ मध्ये किम्बॉल यांनी नॉव्हेलच्या बाजूने निकाल दिला. महिनाभरात एससीओने दिवाळखोरी जाहीर केली. वरिष्ठ न्यायालयाने २००९ मध्ये तो निकाल अंशतः फिरवून प्रश्न ज्युरीपुढे पाठवला. मार्च २०१० मध्ये ज्युरीनेही तेच सांगितले, की कॉपीराइट विकले गेलेले नाहीत. २०११ मध्ये अपिलातही ते कायम राहिले.

म्हणजे लिनक्समधल्या ओळी युनिक्सच्या होत्या की नव्हत्या, यावर न्यायालयाचा ओळवार निवाडा कधी झालाच नाही. तो निवाडा झाला बाहेर, उघड्यावर, आणि कोणालाही ताडून पाहता येईल अशा रीतीने. कायद्याच्या पुस्तकात त्याला काही वजन नाही. पण २००३ च्या शरद ऋतूत ज्या कंपन्यांच्या टेबलावर ६९९ डॉलरचे दरपत्रक पडले होते, त्यांना निर्णय त्याच आठवड्यांत घ्यायचा होता, सात वर्षांनी नव्हे. त्यांतल्या फारच थोड्यांनी पैसे मोजले.

जॉन लायन्स यांना यातले काहीच पाहता आले नाही. ते डिसेंबर १९९८ मध्ये वारले. आयबीएमविरुद्धचा मूळ दावा मात्र दिवाळखोर कंपनीच्या विश्वस्तांमार्फत घरंगळत राहिला आणि २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. आयबीएमने १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर दिले. मागणी पाच अब्जांची होती. त्या साली हा दावा अठरा वर्षांचा झाला होता. पहिल्या सुनावणीच्या वेळी जन्मलेली मुले एव्हाना कॉलेजात लिनक्स शिकत होती, सोर्ससह.